माझ्यासाठी वाजवलेलं पान

सोमादादा,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. भाजी फोडणीला टाकताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना, नालवाडीच्या चौकात ऑटोची वाट बघताना. परवा शेजारच्या वहिनींनी विचारलं, कुणाशी बोलता हो एवढं? मी म्हटलं, पाठांतर चाललंय. निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली शाळेतली बाई कशाचं पाठांतर करणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तसं ते अगदीच खोटंही नव्हतं. एक वाक्य मी सहा वर्षं पाठ करते आहे. ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं एवढंच.

तुम्हाला गोष्टीचा शेवट आधी ऐकायची खोड. मी एखादा सिनेमा सांगायला लागले की तुम्ही मध्येच म्हणणार, वाचते का मरते ते सांगा आधी, मंग निवांत ऐकतो. त्यावरून माझा किती जळफळाट व्हायचा. आज शेवट शेवटीच येईल. उठून चहा मागायची सोय आता तुम्हाला नाही. हे लिहिताना हसू आलं आणि लगेच रडूही आलं. दोन्हीचं श्रेय तुम्हालाच.

लोकांना वाटतं आपण दोघांनी मिळून जंगलातल्या पायी फेऱ्या सुरू केल्या. खरं म्हणजे त्या भांडणातून सुरू झाल्या. मी वर्ध्याहून आठवीची मुलं घेऊन आले होते, सेलूच्या पलीकडे तुमच्या गावाजवळच्या अभयारण्याच्या गेटवर. तुम्ही तेव्हा जिप्सीवर गाईड. मी मुलांना सांगत होते की सांबर हा हरणाचाच एक मोठा प्रकार, आणि तुम्ही मागून म्हणालात, "बाई, हरीण म्हनू नका त्याले. राग येते." मी तावातावानं विचारलं, कुणाला राग येतो, सांबराला? तुम्ही म्हणालात, "मले." मुलं खिदळली. शाळेत माझ्या वर्गात अशी कुणाची हिंमत नव्हती. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाबरोबर एकदा पायी जायचं आणि याला किती कळतं ते बघायचं.

किती कळतं ते पुढची अकरा वर्षं बघत राहिले. तुम्ही पुढे चालायचात, मी सर्वांत मागे, मध्ये पाहुणे. हा आपला नियम. परवानगी माझ्या नावावर, कारण अर्ज लिहिणं, शिक्के मिळवणं, वनखात्याच्या साहेबांना पटवणं हे माझ्याकडे. जंगल तुमच्याकडे. मी पक्ष्यांची नावं सांगायची आणि तुम्ही ते पक्षी दाखवायचे. नावावरूनही आपलं कधी जमलं नाही. तुम्ही म्हणायचात, नाव सांगितलं की लोक वर बघायचं सोडून वहीत बघतात. मी म्हणायचे, नाव नसलं तर घरी जाऊन सांगणार काय? हा वाद तसाच राहिला. मला वाटतं तुमचं बरोबर होतं, पण हे मी तुमच्या समोर कबूल केलं नसतं.

येणाऱ्या प्रत्येकाला वाघ हवा असायचा. तुम्ही त्यांना सांबर दाखवायचात. नुसतं दाखवायचा नाहीत, वाचायला शिकवायचात. कान कुठे वळले, शेपटी केव्हा उठली, पाय केव्हा आपटला. चितळ गावठी कुत्र्यालाही घाबरून ओरडतं, मोराला ओरडायला कारण लागत नाही, माकडाचा अर्धा वेळ थट्टेत जातो. पण सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, झाला की तुम्ही हात वर करायचात आणि सगळी रांग जागच्या जागी थांबायची. "सांबर खोटं बोलत नाई," एवढंच तुम्ही म्हणायचात. पाहुण्यांच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा, दर वेळी.

आता पानाचं. हे तुमच्या घरच्यांसाठी नीट लिहायला हवं.

तुमच्या अंगणात एकदा आपण बसलो होतो. कौशल्यावहिनी आत भाकरी टाकत होत्या. मी विचारत होते की पूर्वी शिकारीला लोक जायचे ते जनावर शोधायचे कसे. तुम्ही म्हणालात, शोधायचं कशाला, बोलवायचं. कुंपणापलीकडचं तेंदूचं एक कोवळं पान तोडलंत, मधोमध दुमडून ओठांत धरलंत आणि फुंकलंत. इतका बारीक, इतका केविलवाणा आवाज आला की मी जागची उठले. एखादं पिल्लू आईपासून चुकलंय आणि त्याला काहीतरी लागलंय, असा. तेवढ्यात तुमच्या दोन्ही शेळ्या दावं ओढत धावत आल्या आणि तुमच्या मांडीवर तोंड घासायला लागल्या. वहिनी आतून तुमच्या घरच्या भाषेत, जी मला येत नाही, काहीतरी रागानं बोलल्या. तुम्ही पान लगेच टाकून दिलंत. मी मात्र लहान मुलासारखी टाळ्या वाजवत होते.

मग तुम्ही तुमच्या वडिलांचं सांगितलंत. मालगुजाराबरोबर, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराबरोबर, शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना ते रानात घेऊन जायचे. पान वाजवणारा पंचक्रोशीत त्यांच्यासारखा कुणी नव्हता. एकदा त्यांनी वाजवलं आणि सांबराची मादी थेट समोर आली, आचळांतून दूध गळत होतं तिच्या. पाहुण्याची बंदूक उडाली. खरं पिल्लू नंतर तिच्याजवळ येऊन उभं राहिलं. वडील त्या दिवसानंतर शिकारीला गेले नाहीत आणि तुमच्याकडून त्यांनी वचन घेतलं. पान कसं वाजवायचं ते शिकवलं, आणि वाजवायचं नाही हेही शिकवलं. "पान वाजोनं म्हंजे आईले खोटं सांगनं हाय, बाई," तुम्ही म्हणालात. आणि आणखी एक म्हणालात, ते मी तेव्हा ऐकलं होतं, विसरले असं म्हणायची मला सोय नाही. "अन् पान वाजलं का आईच येते असं नाई. भुकेलं बी येते."

हे सगळं मला माहीत होतं, सोमादादा. माहीत असूनही मी सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीतली तिसरी सकाळ. पुण्याहून आलेले चौघं होते, एक वयस्क गृहस्थ, त्यांच्या पत्नी, मुलगा आणि सून. दोन दिवस पायपीट करून मोर, माकडं आणि गावातली एक चुकार गाय, एवढंच दिसलं होतं. गवत डोक्याएवढं वाढलेलं, त्यात काय दिसणार? गृहस्थ सज्जन होते. चालता चालता नुसते म्हणाले की गाय आम्हाला पुण्यातही दिसते. सगळे हसले, तुम्हीही हसलात. मला मात्र ते झोंबलं. अकरा वर्षं वाढवलेलं आपलं जंगल, आणि याला गाय दिसते. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. वर्गात मागच्या बाकावर कुणी हसलं की मी त्याला फळ्यापर्यंत आणल्याशिवाय सोडत नसे.

नाल्याच्या वळणावर तुम्ही वाकलात. ओल्या मातीत खुर उमटलेले, मोठे आणि लहान. मादी आणि पिल्लू, पण दोघांची वाट फुटलेली, तुम्ही सांगितलंत. ती पुढे गेली आहे आणि पिल्लू मागे राहिलंय, म्हणजे ती इथंच कुठंतरी घुटमळत असेल. मी रांग मोडून पुढे आले आणि पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हटलं, "दादा, पान वाजवा."

तुम्ही मान हलवलीत. मी पुन्हा म्हटलं, "एकदाच. माझ्यासाठी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या पाहण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मोठ्या बहिणीनं हट्ट धरावा आणि धाकट्यानं नाइलाजानं उठावं, तसे तुम्ही वळलात. वयानं तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी मोठे, तरी आपल्यात हे असंच होतं. नाल्याच्या काठाशी तेंदूचं रोप होतं. तुम्ही पान तोडलंत आणि मी रांगेत शेवटी माझ्या जागेवर गेले.

पहिल्या दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्यांदा वाजवलंत आणि समोरचं गवत हललं. ती बाहेर आली. पंधरा पावलांवर. डावा कान टोकाला फाटलेला, नाक ओलं, मान पुढे ताणलेली. ती आपल्याला बघत होती, पण आपण तिला दिसतच नव्हतो. ती फक्त पिल्लू शोधत होती. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र, सांगायला लाज वाटते, आनंद झाला होता. मी त्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मग तिचे कान फिरले. नजर आपल्यावरून उचलली गेली आणि आपल्या मागे जाऊन थांबली. शेपटी उभी राहिली. तिनं पुढचा पाय आपटला, पुन्हा आपटला, आणि कॉल दिला. इतक्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता. कानाआधी तो छातीत लागला.

मी मागे वळले. रांगेत शेवटची मीच होते. आधी नुसतं गवत दिसलं, आणि नंतर त्या गवतातला चेहरा. वाघीण. वीस पावलं, कदाचित कमीच. मान खाली, खांदे वर. ती पिल्लाच्या आवाजावर आली होती आणि पिल्लाच्या जागी तिला मी दिसत होते. शाळेत मी वाघावर तासच्या तास बोलले होते, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

तुम्ही केव्हा आलात ते मला कळलं नाही. रांगेच्या पुढून मागे, सगळ्यांच्या बाजूनं, घाई न करता चालत आलात आणि माझ्या आणि तिच्या मध्ये उभे राहिलात. नेहमीच्या आवाजात म्हणालात, "पळू नका. पाठ दाखवू नका. एकमेकाले धरून उभे राहा." मग तिच्याकडे तोंड करून तुमच्या भाषेत बोलायला लागलात. हळू, थांबून थांबून, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं. हातात ते पान तसंच होतं.

तेवढ्यात मागे सरकताना गृहस्थांचा पाय नाल्याच्या काठावरून सुटला. ते दगडांवर आपटले. मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि तिलाही. तिचं डोकं तिकडे वळलं. त्यांच्या पत्नीनं स्वतःचंच तोंड दाबून धरलं. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत, तिच्या दिशेनं. एकच पाऊल. तिनं तुमच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग शरीर वळवून ती गवतात गेली. गवताची टोकं हलताना दिसत होती, ती थांबेपर्यंत तुम्ही जागचे हलला नाहीत.

नंतर, गृहस्थांचा हात माझ्या ओढणीनं बांधून आपण परत निघालो तेव्हा, मी विचारलं की तिला काय सांगत होता. तुम्ही म्हणालात, "माफी मांगत होतो. बलावलं मी, अन् द्यायले काई नाई."

त्याच दुपारी गेटवरच्या खोलीत चौकशी झाली. साहेब भले होते, आवाज चढवणारे नव्हते. त्या गृहस्थांच्या मुलानं सांगितलं की गाईडनं तोंडानं काहीतरी आवाज काढला आणि जनावरं आली. साहेबांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही हो म्हणालात, पान वाजवलं. मग साहेबांनी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का वाजवायला?

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मी खाली पाहिलं. माझ्या सलवारीला कुसळं चिकटली होती, ती मी एकेक करून काढायला लागले.

"नाई साहेब," तुम्ही म्हणालात. "माह्याच मनानं वाजोलं."

मी वाक्य जुळवत होते. साहेब, यांना मी सांगितलं. चार शब्द. आत्ता बोलते, हे लिहून होऊ दे, मग बोलते, पाहुणे गेले की बोलते. मग उद्या. मग पुढच्या आठवड्यात. त्या कागदावर लिहिलं गेलं की गाईडनं आवाज देऊन वन्यप्राण्याला बोलावलं, आणि तुमचं नाव गाईडांच्या यादीतून कायमचं गेलं. माझं नाव त्या कागदावर कुठेही नव्हतं. फेऱ्या चालू राहिल्या. मी मागे चालत राहिले, पुढे कुणीतरी दुसरं.

सहा वर्षं तुम्ही गावाच्या गाई चारल्यात. उन्हाळ्यात वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायच्या कामावर गेलात. गेटवरचे लोक तुम्हाला थट्टेनं पानवाले म्हणायचे आणि तुम्ही थांबून त्यांना तंबाखू द्यायचात. आणि तरी तुम्ही नालवाडीला माझ्याकडे यायचात ते यायचातच. कधी सीताफळं, कधी तुरीच्या शेंगा, पिशवी दाराशी ठेवून आधी चपला नीट लावून ठेवायचात. चहा घेताना दर वेळी एकच प्रश्न, ते मादी दिसली का? कारण त्या दिवसानंतर त्या नाल्यावर ती कुणाला दिसली नव्हती, आणि तिला तिचं पिल्लू सापडलं की नाही हे तुम्हाला छळत होतं. एकदा मला तुमचा तो चेहरा बघवला नाही. मी म्हटलं, हो, दिसली की, पिल्लूही मोठं झालंय. तुम्ही विचारलंत, कोणता कान फाटका होता? मी म्हटलं, उजवा. तुम्ही कप बशीत ठेवलात आणि खिडकीबाहेर बघत बसलात. तो तुमचा सगळ्यात मोठा राग असावा. मी त्याहून मोठा पाहिला नाही.

एकदाच मी विषय काढला. विचारलं, त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीत? तुम्ही शेंगा सोलत म्हणालात, "तुमी बाहेर झाल्या असत्या तं फेरीच बंद झाली असती. मंग सात घरचं काम गेलं असतं. काऊन होऊ द्याचं तेवढं?" मला राग आला. माझ्यावर उपकार केलेत असं मी धरून चालले होते, त्याचं ओझंही मोठ्या इतमामानं वाहत होते, आणि तुम्ही तर सरळ फेऱ्यांवर पोट असलेल्या गावातल्या सात घरांचा विचार केला होता. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच? तुम्ही हसलात आणि म्हणालात, "पान तुमच्यासाठी होतं, बाकीचं गावासाठी." यावर मला अजून बोलायचं आहे. तुम्ही खरं सांगितलं की मला हलकं वाटावं म्हणून सांगितलं? खोटं बोलायला तुम्ही फार कच्चे होता, पण मी पारखायला त्याहून कच्ची निघाले.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्हाला धाप लागायची. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. मी पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि म्हटलं, दादा, त्या दिवशी मी... तुम्ही हात वर केलात, रांग थांबवायचात तसा. म्हणालात, "पानी द्या." मी पाणी दिलं. तुम्ही दोन घोट घेतलेत आणि लेकीबद्दल म्हणालात, "रेखाले सांभाळून घेजा. ते माह्यापेक्षा बरी पाह्यते." मी हो म्हटलं. पुढचं काही बोलायच्या आत वहिनी आल्या. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत हे खरं, पण तुम्ही अडवलंत म्हणून मला बरंही वाटलं, हे त्याहून खरं.

रेखानं गाईडचं प्रशिक्षण पुरं केलं, हे तुम्ही जाताना तुम्हाला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. तुमच्या दहाव्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. गावच्या समितीतल्या कुणीतरी म्हटलं होतं की पान वाजवणाऱ्याच्या पोरीला रानात कसं सोडायचं. तिचं एकटीचं नाव बाजूला ठेवलं होतं, बुधवारी साहेबांपुढे ठरणार होतं. मला वाटलं ती त्यावर रडते आहे. पण ती म्हणाली, "बाबानं असं काऊन केलं असन, बाई? आमाले तं घरात पान तोंडाले लावू देत नव्हते. मले त्यायचा लय राग येऊन राह्यला. आता रागावू बी कोनावर?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, थोडा चहा घे. एवढंच सुचलं मला. तुमच्या दहाव्याला, तुमच्या अंगणात, तुमच्या लेकीला तुमचा राग येत होता तो माझ्या वाट्याचा होता, आणि मी तिला चहा घे म्हटलं.

तीन दिवसांनी मी पुन्हा गेले. सेलूहून गाडी बदलून, सकाळीच. रेखा गोठा झाडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं. नाल्याचं वळण, दोनदा सांगितलेलं, माझ्यासाठी म्हटलेलं, साहेबांचा प्रश्न, सलवारीवरची कुसळं. तिनं झाडू थांबवला नाही. पूर्ण गोठा झाडून झाला, तिनं केर टोपलीत भरला, आणि मग माझ्याकडे वळली.

"बाबा सहा वर्षं गाई चारत होते," ती म्हणाली. "तवा तुमी काऊन नाई बोलल्या?"

मी भीती वाटली म्हणाले. कसली, तिनं विचारलं. नोकरीची, परवानगीची, नावाची, लोक काय म्हणतील याची. सांगता सांगता ते सगळं इतकं किरकोळ वाटायला लागलं की मी मध्येच थांबले. वहिनी ओसरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याकडे न बघता रेखाला तुमच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. रेखा आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला, हातात दिला नाही. मग म्हणाली, "बुधवारी येजा."

बुधवार परवा झाला. आता तुमच्या सवयीपुढे हार मानते आणि निकाल आधी सांगते. रेखाचं नाव यादीत चढलं. जुन्या कागदाला माझं लेखी निवेदन जोडलं गेलं. फेऱ्या बंद होणार नाहीत, सातही घरांचं काम राहील, परवानगी आता गावच्या समितीच्या नावावर होईल. माझ्या नावावरची गेली. मला आता रांगेत शेवटी चालता येणार नाही, कुठेच चालता येणार नाही, आणि ते योग्यच आहे, तरी कालपासून मला रडू आवरत नाही. रेखा माझ्याशी अजून धड बोलत नाही. बोलेल की नाही, मला माहीत नाही. सांभाळून घ्यायचं मी कबूल केलं होतं तुमच्याजवळ. सुरुवात ही अशी झाली.

आता निवांत ऐका.

तीच खोली. टेबल तेच, साहेब नवे, तरुण. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधे बोलले नाहीत. मग चष्मा काढला. मी निवृत्त आहे, माणूस गेला आहे, मुलीच्या नावाचा प्रश्न आहे, हे त्यांनी मनातल्या मनात जुळवलं असणार. रेखानं किंवा गावानं मला पढवून आणलं, अशी शंका कुणालाही आली असती. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, तुम्हाला हे कुणी सांगायला लावलं का?"

मी रेखाकडे पाहिलं. फार वेळ नाही, तुम्ही माझ्याकडे पाहिलं होतंत तेवढंच. ती दाराशी उभी होती. तिनं मान खाली घातली नाही.

"नाही साहेब," मी म्हटलं. "माझ्याच मनानं."